पालटत्या जमिनीचे अंदाज : पनवेलची खाडी ते सदाहरित सह्याद्री

पनवेल तालुक्याच्या पश्चिमेला खाडी, मिठागरे आणि खारफुटी, मध्ये भातखाचरांचा सपाट पट्टा, पूर्वेला प्रबळगडाचे रान आणि त्यापलीकडे माथेरानचे पठार, अशी थोड्याच किलोमीटरांत रूप बदलत जाणारी भूमी आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिचा वापर ज्या वेगाने पालटला त्या वेगाने पालटलेले तालुके महाराष्ट्रात फार थोडे सापडतील. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नवी मुंबईसाठी मुक्रर झाली, आणि जिथे भात पिकत होता तिथे नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे अशा वसाहती टप्प्याटप्प्याने उभ्या राहिल्या. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, २०१३मध्ये ‘नैना’ म्हणून ओळखले जाणारे विमानतळ प्रभाव क्षेत्र अधिसूचित झाले, २०१६मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या प्रत्येक घटनेनंतर शहराची कड पूर्वेकडे, म्हणजे डोंगराकडे सरकत गेली. पुढील वीस वर्षांत ही कड नेमकी कुठे पोहोचेल, कोणती खाचरे जातील आणि कोणता डोंगरउतार रान म्हणून टिकेल, या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने देण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत विकसित झाली, तिला भूवापर-बदलाचे प्रतिमान म्हणतात. तिचे गणित जगाच्या पाठीवर कुठेही बसून करता येते; परंतु त्या गणितात घालायची जी माहिती असते, तिचा मोठा आणि निर्णायक भाग त्या भूमीवर राहणाऱ्यांखेरीज कोणापाशीही नसतो, आणि म्हणूनच स्थानिक अभ्यासक तयार करणे हा या शास्त्राच्या गाभ्याचाच एक भाग ठरतो.

प्रथम दोन संज्ञांमधील भेद ध्यानात घ्यावा लागतो. जमिनीवर जे प्रत्यक्ष पसरलेले दिसते, म्हणजे झाडोरा, गवत, पाणी, उघडा कातळ, काँक्रीट, त्याला भूआच्छादन म्हणतात, आणि त्या जमिनीचा माणूस ज्या हेतूने उपयोग करतो त्याला भूवापर म्हणतात. उपग्रहाला फक्त आच्छादन दिसते. वापराचा तर्क माणसाला करावा लागतो. कोकणातील काजूची बाग, देवराई, खासगी मालकीचे तोडीचे रान आणि राखीव जंगल ही चारही वरून पाहिल्यास हिरवीच दिसतात, परंतु त्यांचे भूत आणि भविष्य एकमेकांपासून अगदी वेगळे असते. भारतीय वन सर्वेक्षण १९८७पासून देशाच्या वनस्थितीचे अहवाल प्रसिद्ध करते. त्यातील व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के किंवा त्याहून अधिक वृक्षछत्र असले, की मालकी कोणाची आणि झाडे कोणती याचा विचार न करता ते क्षेत्र वनाच्छादन म्हणून गणले जाते. देशभर एकच माप लावण्यासाठी ही व्याख्या सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात नैसर्गिक रान तोडून त्या जागी रबराची लागवड झाली, तर काही वर्षांनी वनाच्छादनाचे कोष्टक जवळपास पूर्ववत दिसू लागते, आणि जे कायमचे गेले त्याची नोंद त्यात उरत नाही.

पर्जन्यवन म्हणताच ॲमेझॉन किंवा बोर्निओचे चित्र डोळ्यांपुढे येते, पण सह्याद्रीतही सदाहरित वनांची एक दीर्घ पट्टी आहे आणि तिचे उत्तरेकडील टोक महाराष्ट्रात येते. केरळात पाऊस वर्षातील बहुतेक महिन्यांत विखुरलेला असल्याने कोरडा काळ तीन-चार महिन्यांचाच असतो. याउलट माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर येथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडत असला, तरी तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने कोरडे जातात. त्यामुळे येथील सदाहरित रान उंचीला कमी, घाटमाथ्यावरील धुके आणि ओल यांच्या आधाराने तगणारे, अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशा झाडांचे आहे. पायथ्याला, उदाहरणार्थ कर्नाळा अभयारण्यात, सागवान आणि ऐन यांसारख्या पानगळीच्या झाडांचे प्राबल्य आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतील झां-पिएर पास्काल यांनी १९८०च्या दशकात दक्षिणेकडील घाटांचे वननकाशे तयार केले, आणि कोरड्या महिन्यांची संख्या हाच या वनांच्या रचनेतील सर्वांत प्रभावी घटक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. उत्तर सह्याद्रीचे सदाहरित वन आपल्या हवामानाच्या मर्यादेच्या कडेवर उभे आहे. एकदा तुटल्यावर ते केरळातील वनासारखे सहज उभारी धरत नाही, आणि म्हणून येथील बदलाचा आगाऊ अंदाज घेण्याची निकड अधिक आहे.

या बदलांची चिंता उपग्रहांच्या आधीपासूनची आहे. १८४७मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमले गेलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी, डोंगरउतारांवरील झाडोरा गेल्याने माती वाहून कोकणातील खाड्या भरत चालल्या आहेत, असे सरकारच्या निदर्शनास आणले होते. मात्र त्या काळी पुरावा म्हणून वनसंरक्षकाचे निरीक्षण आणि गावकऱ्यांच्या साक्षी एवढेच होते. २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह सुटला आणि त्यानंतर पृथ्वीच्या कोणत्याही भागाचे ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा घेतलेले चित्र उपलब्ध होऊ लागले. उपग्रहाचे चित्र छोट्या चौकोनांचे बनलेले असते, त्यातील प्रत्येक चौकोनाला पिक्सेल म्हणतात, आणि एका पिक्सेलच्या आत काय काय आहे हे उपग्रहाला वेगवेगळे सांगता येत नाही. पहिल्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ८० मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ६४ गुंठ्यांचा होता. १९८४पासूनच्या लँडसॅट-५मध्ये तो ३० मीटरांवर, म्हणजे नऊ गुंठ्यांवर आला. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१एपासून भारताचे स्वतःचे दूरसंवेदन उपग्रह कार्यरत झाले, आणि त्या मालिकेतील पुढच्या लिस-३ संवेदकाचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा होता. २०१५मध्ये आलेल्या युरोपीय सेंटिनेल-२चा पिक्सेल दहा मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा आहे. हा हिशेब गुंठ्यांत मांडण्याचे कारण असे, की कोकणातील जमीनधारणा गुंठ्यांत चालते आणि येथील अनेक देवराया एक-दोन एकरांपलीकडे जात नाहीत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांत मूळच्या वनाचे शेवटचे नमुने शिल्लक होते. परंतु १९७३च्या उपग्रहचित्रात अशा देवराईच्या वाट्याला जेमतेम एखादा पिक्सेल येतो, आणि तोही शेजारच्या वरकस जमिनीच्या रंगात मिसळून जातो.

चित्र कोणत्या महिन्यातले घ्यावे, हा प्रश्न पिक्सेलइतकाच महत्त्वाचा आहे. पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीवर ढगांचे आवरण असते आणि प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकांना जमीन दिसत नाही; ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार लहरी वापरणाऱ्या, पूर्वीच्या रिसॅट-१, सेंटिनेल-१ आणि जुलै २०२५मध्ये सुटलेल्या निसार या उपग्रहांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. डिसेंबरच्या चित्रात सदाहरित, पानगळीचे आणि बागायतीचे असे सगळेच हिरवे दिसते. मार्च-एप्रिलमध्ये सागवान व ऐन निष्पर्ण होतात, गवत वाळते, कित्येक उतारांवर वणवे लागून गेलेले असतात, आणि माथेरान-भीमाशंकरचे सदाहरित रान तेवढे वेगळे उठून दिसते. त्यामुळे दोन्ही ऋतूंतील चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय उत्तर सह्याद्रीचा नकाशा विश्वासार्ह होत नाही. ज्याने एप्रिलमधले कर्नाळा पाहिलेले नाही, असा दूरदेशीचा तज्ज्ञ निष्पर्ण सागवानाच्या रानाला उजाड जमीन ठरवण्याचा धोका नेहमी असतो. आणि पुढची सगळी आकडेमोड या पहिल्या नकाशावरच उभी राहणार असते.

प्रतिमानाची रचना तत्त्वतः फार अवघड नाही. एकाच प्रदेशाचे दोन वेगळ्या वर्षांचे नकाशे घेतले जातात, आणि पहिल्या वर्षी रान असलेल्या पिक्सेलांपैकी किती दुसऱ्या वर्षीही रानच राहिले, किती झुडपी झाले, किती शेती वा वस्तीखाली गेले, याचे कोष्टक मांडले जाते. या संक्रमण-कोष्टकातील प्रमाणे पुढच्या काळातही तशीच राहतील असे गृहीत धरून भविष्यातील एकूण क्षेत्रे काढण्याच्या पद्धतीला, आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाच्या नावावरून, मार्कोव्ह साखळी म्हणतात. तिच्यातून बदल किती होईल हे कळते, कुठे होईल हे कळत नाही. त्यासाठी बदलाला चालना देणारे घटक, म्हणजे उतार, उंची, रस्त्यापासूनचे, गावठाणापासूनचे आणि पाण्यापासूनचे अंतर, लोकसंख्येची दाटी, हे प्रत्येक पिक्सेलसाठी मोजून, पूर्वी जिथे बदल झाला तिथे हे घटक कसे होते ते संख्याशास्त्राने तपासले जाते, आणि उरलेल्या प्रत्येक पिक्सेलची बदलप्रवणता ठरवली जाते. त्याला जोड मिळते ती सेल्युलर ऑटोमेटा या तंत्राची, ज्यात प्रत्येक चौकोनाचे पुढचे रूप त्याच्या शेजारच्या चौकोनांवर अवलंबून असते. चारी बाजूंनी इमारती झालेले खाचर लवकर इमारतीखाली जाते, रानाच्या आतला भाग कडेच्या भागापेक्षा उशिरा तुटतो, हा अनुभव या तंत्रात नियमाच्या रूपाने येतो.

पनवेलच्या संदर्भात या पद्धतीची खरी कसोटी लागते. मार्कोव्ह साखळी मागच्या गतीलाच पुढे नेते. परंतु येथील जमीन एकसारख्या गतीने बदललेली नाही, ती एकेका निर्णयाने बदललेली आहे. १९९०पर्यंतच्या नकाशांवर चालवलेल्या प्रतिमानाला द्रुतगती मार्गाची कल्पना असणार नाही, आणि २००५पर्यंतच्या प्रतिमानाला हे कळणार नाही की सुमारे ११६० हेक्टरांवर विमानतळ होईल, त्यासाठी उलवे टेकडी कापली जाईल, उलवे नदीचा प्रवाह वळवला जाईल आणि दहा गावे उठतील. म्हणून अभ्यासक एकच भाकीत न करता पर्यायी चित्रे मांडतात : आहे तसेच चालू राहिले तर, नवा मार्ग झाला तर, संवेदनशील क्षेत्राचे नियम काटेकोर पाळले गेले तर. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्या रेषेच्या आत आणि बाहेर दोन दशकांत किती आणि कसा बदल झाला याची तुलना केली, तर कायद्याच्या एका रेषेचे वजन प्रतिमानात प्रत्यक्ष मोजून घालता येते. अशा तुलनेइतका उपयुक्त नैसर्गिक प्रयोग शोधूनही सापडत नाही.

निर्णय नकाशावर दाखवता येतात, पण जमिनीच्या इतिहासातील पुष्कळशा गोष्टी कोणत्याच नकाशावर नसतात. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यातील जासई-दास्तान येथे झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. त्या योजनेखाली दिलेल्या भूखंडांची जागा उतार किंवा रस्त्याच्या अंतरावरून ठरलेली नाही, ती वाटपाच्या कागदांवरून ठरली. आणि जो प्रतिमानकार ते कागद पाहत नाही, त्याला तेथील वस्ती अनियमित वाटत राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनींना अकृषिक वापरासाठी सवलत देण्यात आली. ही २०० मीटरांची रेषा प्रतिमानात घातली, की गावांभोवतीच्या बदलाचा बराचसा भाग उलगडतो. डोंगराकडे वळल्यास दळी जमिनींचा प्रश्न येतो. इंग्रजी अमदानीत वनखात्याने ठाकूर व कातकरी कुटुंबांच्या गटांना नाचणी-वरीसाठी उतारावरचे तुकडे लावून दिले, त्यांना रायगडात दळी म्हणतात. कित्येक पिढ्या कसूनही या जमिनींवर त्यांच्या नावाचा सातबारा नव्हता, आणि २००६च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांचे दावे दाखल झाले. उपग्रहचित्रात दळी म्हणजे रानातील फिकट तुकडे दिसतात, आणि माहिती नसलेला वाचक त्यांना ताजे अतिक्रमण समजतो. एका आदिवासी कुटुंबाचा हक्क आणि एका नकाशातील वर्गीकरणाची चूक इतक्या जवळ येऊन ठेपते, त्यामुळे हा विषय निव्वळ तांत्रिक मानता येत नाही.

रानाचा नेहमीचा वापरही असाच नकाशावर येत नाही. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. झाड जिवंत राहते, छत्र विरळ होते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी असून बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, आणि ते जळाऊ लाकडासाठी काही वर्षांच्या अंतराने तोडले जाते, बुंध्यांना पुन्हा फुटवे येतात. दहा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे पाहिली, तर दोन्ही वेळा तिथे हिरवे रानच दिसते आणि कोष्टक ‘बदल नाही’ असे सांगते, जरी मधल्या काळात मोठे वृक्ष, त्यांच्या ढोल्या आणि त्यांत राहणारे धनेश गेलेले असले तरी. रान नाहीसे होणे आणि रान खालावणे यांत हा फरक आहे, आणि दुसरी गोष्ट पकडण्यासाठी दरवर्षीची चित्रे तर लागतातच, शिवाय तोड कधी झाली हे सांगणारा गावातला माणूसही लागतो.

प्रतिमान खरे की खोटे हे ठरवण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण येथे आकड्यांची दिशाभूल सहज होते. १९९० आणि २०००च्या नकाशांवरून २०१०चा अंदाज केला, तर तो २०१०च्या प्रत्यक्ष नकाशाशी ताडून पाहतात. समजा, शंभर चौरस किलोमीटर रानापैकी चार चौरस किलोमीटर प्रत्यक्षात तुटले, आणि प्रतिमानानेही चारच चौरस किलोमीटर तुटतील असे सांगितले, परंतु सगळे भलत्याच ठिकाणी दाखवले. तर चुकलेले क्षेत्र आठ चौरस किलोमीटर होते आणि अचूकता ९२ टक्के निघते, जी ऐकायला उत्तम वाटते. पण काहीच बदलणार नाही असे म्हणणाऱ्याची अचूकता याच प्रदेशात ९६ टक्के भरते. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाचे रॉबर्ट गिल्मोर पाँटियस यांनी या गफलतीवर सातत्याने बोट ठेवले आणि किती बदलले यातील चूक व कुठे बदलले यातील चूक अशा दोन चुका वेगवेगळ्या मोजाव्यात असा आग्रह धरला. ही साधी तपासणी न करता प्रसिद्ध झालेल्या नव्वद-पंचाण्णव टक्के अचूकतेच्या दाव्यांकडे वाचकाने सावधपणे पाहावे.

याच पाँटियस यांच्या सहभागाने भारतातील पर्जन्यवनांवर एक महत्त्वाचे काम झाले. शैली मेनन, पाँटियस, जे. रोझ, एम. एल. खान आणि कमल बावा यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अरुणाचल प्रदेशातील कोणती वने तुटण्याची शक्यता अधिक आहे हे प्रतिमानाने काढले आणि त्यावरून संरक्षणाचा अग्रक्रम कुठे द्यावा हे सुचवले. खान हे तेव्हा अरुणाचलमधीलच संस्थेत काम करत होते, ही बाब येथे नोंदवण्यासारखी आहे. त्याआधी २०००मध्ये झा, दत्त आणि बावा यांनी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर क्षेत्राची १९७३ आणि १९९५ची चित्रे ताडून, या २२ वर्षांत २५.६ टक्के वनाच्छादन घटल्याचे दाखवले होते. ब्राझीलमध्ये याच काळात कामाला संस्थात्मक रूप आले होते. तेथील अवकाश संशोधन संस्था १९८८पासून ॲमेझॉनमधील तोडीचे वार्षिक आकडे प्रसिद्ध करते, आणि मिनास जेराइसच्या विद्यापीठातील ब्रिताल्दो सोआरेस-फिल्यो व सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवून दिले, की शेतीविस्ताराचा तेव्हाचा कल तसाच राहिला तर २०५०पर्यंत ॲमेझॉनचे ४० टक्के वन नाहीसे होईल. त्यांचे ‘डिनामिका’ हे संगणकीय साधन ब्राझीलमध्येच घडले आणि आज जगभर वापरले जाते. ॲमेझॉनमध्ये परदेशी शास्त्रज्ञांसह चाललेल्या मोठ्या संयुक्त प्रयोगात तरुण ब्राझिलियन संशोधक घडवणे हे आरंभापासून लिखित उद्दिष्ट होते, आणि त्यामुळेच परदेशी पथके परतल्यावरही काम थांबले नाही.

भारतात प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९६६मध्ये डेहराडून येथे डच सहकार्याने सुरू झालेली हवाई छायाचित्र-वाचनाची संस्था आज भारतीय दूरसंवेदन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि १९९५पासून तेथेच संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आशिया-पॅसिफिक प्रशिक्षण केंद्रही आहे. १९७०मध्ये पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळातील नारळाच्या मुळांच्या रोगाचा शोध हवेतून अवरक्त छायाचित्रे घेऊन करण्यात आला, तो देशातील दूरसंवेदनाचा आरंभ मानला जातो. महाराष्ट्रात नागपूरचे राज्य दूरसंवेदन केंद्र १९८८पासून कार्यरत आहे, आणि भूवापर-बदलासाठी ‘ओपन-एलडीएम’ हा मुक्तस्रोत मंचही उपलब्ध आहे. २००८पासून लँडसॅटची जुनी-नवी सर्व चित्रे विनामूल्य झाली. उपकरणे आणि चित्रे यांची अडचण त्यामुळे उरलेली नाही. उणीव आहे ती डेहराडूनला शिकलेले तंत्र आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतील ज्ञान एकाच व्यक्तीत किंवा एकाच गटात एकत्र येण्याची.

हे एकत्र आणण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न माधव गाडगीळ यांनी केला. हार्वर्डमध्ये गणिती परिस्थितिकीचे शिक्षण घेऊन परतलेल्या या पुणेकर शास्त्रज्ञाने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९९०च्या दशकात पश्चिम घाटातील महाविद्यालयीन शिक्षकांचे एक जाळे उभारले. आपापल्या महाविद्यालयाच्या परिसरातील भूभागाचे घटक ओळखणे, उपग्रहचित्राशी ते जुळवणे आणि त्यांतील वनस्पती, पक्षी, कीटक यांची ठरावीक पद्धतीने नोंद करणे, असे या कामाचे स्वरूप होते. त्यातूनच लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना पुढे आली आणि २००२च्या जैविक विविधता कायद्यात तिला स्थान मिळाले. पुढे कायद्याची पूर्तता म्हणून घाईघाईने भरलेल्या वह्यांत मूळ कल्पनेतला शास्त्रीय ध्यास फारसा उरला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. परंतु कल्पना सदोष होती असे त्यावरून ठरत नाही.

या दोन प्रकारच्या ज्ञानांचा संबंध तुटल्यावर काय होते, हे पश्चिम घाटाच्या दोन अहवालांवरून दिसले. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने ऑगस्ट २०११मध्ये दिलेल्या अहवालात घाटाची विभागणी सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत केली आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी चर्चा करून ठरवाव्यात असे सुचवले. के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने एप्रिल २०१३मध्ये दिलेल्या अहवालात सुमारे २४ मीटरांच्या पिक्सेलवरून नैसर्गिक भूभाग वेगळा काढला आणि सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, गाव हे एकक धरून, संवेदनशील ठरवले. पहिल्यात चौकोन फार मोठे होते, दुसऱ्यात पिक्सेल बारीक होता. पण कोणत्याही गावाला आपले नाव यादीत का आले हे स्वतः तपासून पाहण्याची सोय प्रत्यक्षात मिळाली नाही. मार्च २०१४पासून अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा निघत राहिले. ३१ जुलै २०२४च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. हरकती नोंदवणाऱ्या गावात नकाशा वाचता येणारा एक जरी प्रशिक्षित माणूस असता, तर ‘आमचे नाव वगळा’ या मागणीऐवजी कोणता सर्व्हे नंबर रान आहे आणि कोणता बाग आहे, अशी तपासता येण्याजोगी चर्चा झाली असती.

पनवेल परिसर अशा प्रशिक्षणासाठी विलक्षण सोयीचा आहे. नवीन पनवेलमध्ये चांगू काना ठाकूर महाविद्यालय आणि पिल्लई समूहाची महाविद्यालये आहेत, मुंबईत आयआयटीसारखी दूरसंवेदनाचे उच्च शिक्षण देणारी संस्था आहे, आणि खारफुटी, खाचरे, दळी, पानगळीचे रान व सदाहरित पठार ही सगळी आच्छादने एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. १९७०च्या दशकातले लँडसॅट, १९८८नंतरचे भारतीय उपग्रह आणि २०१५नंतरचे सेंटिनेल यांची चित्रे घेऊन विद्यार्थ्यांनी २०१५पर्यंतच्या बदलांवर प्रतिमान चालवावे, विमानतळ खुला झाल्यानंतरच्या प्रत्यक्ष नकाशाशी ते ताडावे, आणि जिथे जिथे ते चुकले त्या पिक्सेलांवर डिसेंबरात एकदा व एप्रिलमध्ये एकदा जाऊन, सातबारा आणि गावकऱ्यांची माहिती यांच्या आधारे चुकीचे कारण लिहावे, हा एका शैक्षणिक वर्षात बसणारा उपक्रम आहे. चुकांची अशी कारणांसह केलेली यादी हाती आली, की नैना क्षेत्राची पूर्व सीमा आणि माथेरानचे संवेदनशील क्षेत्र यांच्या मधल्या पट्ट्यासाठी पुढचा अंदाज मांडता येईल. त्या पट्ट्यातील उतारांवर आज रान, दळी आणि विक्रीसाठी आखलेले भूखंड शेजारी शेजारी आहेत.